मोटरीला हळदीकुंकू

मी सर्वो ड्राइव्ह आणि एन्कोडर दुरुस्त करते. हे वाक्य मी स्थळ बघायला आलेल्यांना, बँकेतल्या साहेबांना आणि एस.टी.त शेजारी बसलेल्या बाईंना सांगून पाहिलं आहे. तिन्ही ठिकाणी पुढचा प्रश्न एकच आला, "म्हणजे मिक्सर पण करता का?" करत नाही. मिक्सर बिघडला तर चटणी अडते. मी ज्या यंत्रांकडे जाते, ती बिघडली तर बोटं जातात.

दिवाळी अंकात अनुभव लिहिणारी माणसं सहसा निवृत्त झालेली असतात. त्यांचा राग निवलेला असतो, सगळ्यांना माफ करून झालेलं असतं. मला निवृत्त व्हायला अजून पुष्कळ अवकाश आहे आणि माफ करण्याची सवयही नाही. तेव्हा गोड आठवणींच्या अपेक्षेनं आलेल्यांनी पान उलटावं.

आधी धंदा समजावून सांगते, म्हणजे पुढचं कळेल. ऊस भरलेली ट्रॉली मागे घेताना तुम्ही पाहिलीच असेल. ट्रॅक्टरवाल्याला मागचं काही दिसत नाही. मागे एक माणूस उभा राहून ओरडतो, "येऊ द्या, येऊ द्या, अजून, बास!" त्याच्या शब्दावर ट्रॉली सरकते आणि थांबते. सर्वो मोटरीच्या शेपटाशी असाच एक माणूस बसवलेला असतो, तो एन्कोडर. एक काचेची चकती, तिच्यावर केसाहून बारीक रेघा, एका बाजूला दिवा आणि दुसऱ्या बाजूला डोळा. मोटर फिरली की रेघा डोळ्यासमोरून जातात आणि तो त्या मोजत राहतो. ड्राइव्ह म्हणजे ट्रॅक्टरवाला. तो ही मोजणी ऐकतो आणि मोटरीला तेवढाच करंट देतो. आता मागचा माणूस मध्येच गप्प झाला तर? शहाणा ट्रॅक्टरवाला ब्रेक दाबतो. ड्राइव्हही दाबतो. त्याला आम्ही अलार्म म्हणतो. आणि आमच्या भागातल्या यंत्रमालकांना अलार्म म्हणजे कुणीतरी तोंडावर दिलेली शिवी वाटते.

सांगलीत मार्केट यार्डाच्या मागच्या गल्लीत माझं वर्कशॉप आहे. हळदीचा हंगाम असला की त्या गल्लीतली हवाच पिवळी होते. म्हणून आतली एक खोली काच लावून बंद करून घेतली आणि एन्कोडर फक्त तिथेच उघडते. बाकी वेळ मी रस्त्यावर असते. सातारा, कराड, विटा, फलटण, जिथून फोन येईल तिथे. फोन बहुतेक घरी बनवलेल्या सीएनसी मशीनवाल्यांचे असतात. तयार यंत्र परवडत नाही म्हणून भंगारातून मोटरी आणायच्या, लोखंडाचा सांगाडा वेल्डिंग करायचा, जुना कॉम्प्युटर जोडायचा आणि आकडे टाकले की लाकूड, पितळ, पत्रा आपोआप कापणारं यंत्र उभं करायचं. याबद्दल मला आदरच आहे. तिटकारा आहे तो यंत्र चालायला लागल्यावर त्या माणसांच्या अंगात जे शिरतं त्याचा.

माझे वडील छापखान्यात होते आणि सुट्टीच्या दिवशी तिथेच छापलेली पत्रकं बसस्टँडवर वाटायचे. हमालांची, यंत्रमागवाल्यांची, पाण्याच्या मागणीची. बाराखडी संपल्यावर मी थेट "जाहीर निषेध" वाचायला शिकले. चांगल्या पत्रकाला शिस्त असते: काय घडलं, कुणी केलं, पुरावा काय, मागणी काय. बिघाड शोधायलाही हीच शिस्त लागते. पण आमच्या धंद्यातले बहुतेक जण "बदलून बघू" पंथाचे. मोटर बदलून बघू, ड्राइव्ह बदलून बघू, वायर बदलून बघू. सगळं बदलून झालं की ऑपरेटर बदलतात.

साताऱ्यात एका निवृत्त प्राध्यापकांचं यंत्र होतं. त्यांच्या एन्कोडरला उगाचच आकडे ऐकू यायचे. मोटर स्थिर, पण मोजणी चालू. असं झालं की आम्ही आधी अर्थिंग बघतो. त्यांच्या पॅनेलमधून छान हिरवी वायर निघून भिंतीत गेलेली होती. मी विचारलं, "सर, पलीकडे कुठे जोडली आहे?"

"कुठे नाही. भिंतीतच संपते."

"मग ठेवली कशाला?"

"तपासायला येणाऱ्यांना हिरवी वायर लागते ना. दाखवायला आहे ती."

या गृहस्थांनी आयुष्यभर पोरांना वीजशास्त्र शिकवलं होतं. वाईत एक समया बनवणारे गृहस्थ भेटले. त्यांनी मला राहुकाळ संपेपर्यंत पॅनेलचं दार उघडू दिलं नाही. दारात बसवून ठेवलं आणि तेवढ्या वेळात परदेशी इंजिनिअरांना कसं काही येत नाही ते सांगितलं. राहुकाळ संपला, दार उघडलं, तर आत उंदरानं एन्कोडरच्या वायरींवरची तांब्याची जाळी कुरतडून ऐसपैस घर केलेलं. उंदराला मुहूर्त लागला नव्हता.

ही माणसं हसण्यावारी नेता येतात. फलटणजवळच्या धनाजीरावांना मी तसं नेऊ शकत नाही.

धनाजीरावांचा ऊस मोठा. बापानं जमीन ठेवली, कारखान्याचं सभासदत्व ठेवलं, आणि रिकामा वेळही भरपूर ठेवला. त्या वेळात त्यांनी दारं कोरणारं यंत्र बनवलं. सागवानाची फळी टेबलावर आवळून बसवायची, आणि वरून एक जड लोखंडी पूल रुळांवर मागेपुढे सरकत फळीवर गणपती, मोर, वेली कोरून काढतो. वर्कशॉपच्या दारावर धनाजीरावांचा फेटा बांधलेला फोटो, खाली "ग्रामीण बुद्धिमत्तेचा चमत्कार". तालुक्यात सत्कारही झाले. त्यांचा फोन आला तो असा:

"म्याडम, तुमी येऊन फकस्त सेटिंग बघून जावा. मशीन ओकेच हाय. मानसाची चूक झालीया."

"काय झालं?"

"काय न्हाई. आमच्या हापरेटरनं चालू मशीनमदी हात घातला. दोन बोटं गेली. आता त्येची मानसं बसायला येणारायत आमच्याकडं. तुमी तेवडं चार मानसांत सांगायचं, मशीन ओके हाय म्हनून."

म्हणजे मला दुरुस्तीला नव्हे, साक्षीला बोलावलं होतं. मी गेले. साक्ष द्यायची तर आधी यंत्र उघडून बघणारच.

ऑपरेटरचं नाव बिरू. माणदेशातला धनगर. बापजाद्यांनी मेंढरं हाकली, यानं धनाजीरावांच्याच शेतात बायकोबरोबर संसार मांडला आणि मशीनवर लागला. मी पोचले तेव्हा बिरू वर्कशॉपच्या बाहेर पोत्यावर बसला होता. डाव्या हाताला बँडेज. यंत्राजवळ एक बाई उभी होती. पदर कमरेला खोचलेला, हातात फळी आवळायचा पाना.

"ऑपरेटर तुम्ही?" मी विचारलं.

"हापरेटर त्यो भाईर बसलाय. त्येची दोन बोटं ह्येनं खाल्ली. आता मी." तिचं नाव सुमन. "मालक म्हनले, घर चाललं पायजे की न्हाई? म्हनलं चाललं पायजे. तवा म्हनले, मग हुबी ऱ्हा."

धनाजीराव मागून आले. "बघा म्याडम, दुसरा असता तर हाकलून दिलं असतं. आमी त्येच्या बायकूला काम दिलं."

लाल मशरूमसारखं जे बटण अशा यंत्रावर असतं, ज्याला इमर्जन्सी म्हणतात, ते दाबलं. दाबलं की सगळं तत्क्षणी बंद पडायला हवं. काहीही झालं नाही. डबी उघडली. आतल्या दोन्ही वायरी एकमेकींना पिळून वर काळी टेप गुंडाळलेली.

"हे कुणी केलं?"

"मीच. आवं, लय नाजूक हाय त्ये बटन. कुनाचं बी ढोपर लागलं की मशीन बंद. काम हुयाला नगं व्हय?"

ड्राइव्हची सेटिंग उघडली. हुकूम दिला तिथपासून मोटर किती भरकटली म्हणजे अलार्म द्यायचा, त्याचा एक आकडा असतो. तो ओढून जिथवर जातो तिथवर नेलेला. भरकटून पूल पार शेतात गेला असता तरी अलार्म आला नसता.

"आणि हा?"

"दर घटकेला अलारम यायला लागला की वो. यूट्यूबवर एकजन म्हनला, ह्यो आकडा वाडवा, कटकट बंद. वाडवला. झाली बंद."

कटकट बंद झाल्यावर काय झालं ते कोपऱ्यात उभं होतं. बिघडलेली दारं भिंतीला टेकवून ठेवली होती. एका गणपतीचा डोळा सोंडेवर उतरलेला, एका मोराची मान पिसाऱ्यात घुसलेली. एन्कोडरची मोजणी चुकत होती, हे सांगायला त्याहून स्वच्छ पुरावा नको होता. धनाजीरावांनी मात्र वेगळा निष्कर्ष काढला होता.

"ह्ये समदं बिरूचं काम. त्येच्या हाताला वळनच न्हाई."

कोरतं यंत्र. आकडे टाकतात धनाजीराव. बिरू फक्त फळी आवळतो. पण वळण बिरूच्या हाताला नव्हतं.

मी मोटरीच्या मागे गेले. भंगारातून आणलेल्या त्या मोटरीला एन्कोडरवरचं झाकणच नव्हतं. त्याऐवजी दुधाची प्लास्टिकची पिशवी दोऱ्यानं बांधलेली. पिशवी सोडली आणि मला आधी वास आला. माझ्या गल्लीचा वास. काचेच्या चकतीवर हळदीचा लेप बसला होता आणि एका कडेला कुंकवाची बोटाएवढी तांबडी रेघ.

"खंडेनवमीला पूजा झाली न्हवं," सुमन म्हणाली. "आधी गाड्या धुवायच्या पंपानं आंगूळ घातली मशीनला. मग मालकांनी पिशवी सोडली. म्हनले, देवाला काय पिशवीवरनं कुंकू लावत्यात व्हय?"

पूजेला माझी हरकत नाही. आमच्या छापखान्यातही खंडेनवमीला मशीनला झेंडूची माळ चढायची, आणि माझे नास्तिक वडील पेढे खायला सगळ्यांच्या पुढे असायचे. पण टाईपच्या खणात कुणी कुंकू ओतलं नव्हतं. हत्याराची पूजा करायची तर हत्यार कळावं लागतं. धनाजीरावांनी ज्या माणसाच्या शब्दावर ट्रॉली मागे घ्यायची, त्याच्याच तोंडात भक्तिभावानं हळद कोंबली होती. तो गुदमरून थांबत होता तेव्हा अलार्म येत होता. मग त्यांनी अलार्मचं तोंड बंद केलं. मग लाल बटणाच्या वायरी पिळून टाकल्या. आणि मग त्या यंत्रापुढे माणूस उभा केला.

मी बाहेर बिरूशेजारी जाऊन बसले. "नेमकं काय झालं?"

"काय सांगू? मशीन थांबलं हुतं. फळी ढिली वाटली म्हनून आवळाया गेलो. आन् आपसुक आलं की वो अंगावर. बैल कसा मागनं येतो, तसं. कुनी बटन दाबलं न्हाई, काय न्हाई."

मला पटलं. थांबलेली सर्वो मोटर सुस्त नसते. ती जागा धरून उभी असते. ड्राइव्हला वाटलं की आपण केसभर हललो, तर तो जागेवर यायला थोडं ढकलतो. एन्कोडर म्हणतो, "अजून काही सरकलं नाही." ड्राइव्ह आणखी ढकलतो. "अजून नाही." आणखी. मोटर सुसाट निघालेली असते आणि चकतीवरची हळद सांगत असते, सगळं जागच्या जागी आहे.

एन्कोडर आपली मोजणी दोन वायरींवरून, दोन सिग्नलांत पाठवतो; सिग्नलच्या लाटा पडद्यावर दाखवणारा ऑसिलोस्कोप लावून मी ते दोन्ही पाहिले. एक ठणठणीत, दुसरा मध्येच मान टाकत होता. त्याचे फोटो काढले. पण पूल मात्र काही केल्या बिथरेना. कितीदा पुढेमागे नेला, गुणी बाळासारखा चालला. आमच्या धंद्यातला हा जुना छळ आहे. दुरुस्ती करणारा समोर आला की यंत्राचं दुखणं पळतं. धनाजीराव मिशीत हसत होते.

"बघा. म्हनलं न्हवतं? ओके."

मी चकती पुसली नाही. पिशवी होती तशी बांधून ठेवली. दुपारी लोक जमणार होते.

बैठक वर्कशॉपमध्येच झाली. आमच्याकडे अशा गोष्टी "मिटवतात". पोलीस नको, कचेरी नको, चार माणसं बसतात, चहा होतो, आणि ज्याच्याकडे कमी असतं त्यानं समजून घ्यायचं असतं. मधोमध खुर्चीवर धनाजीरावांचे मामा, आबा. पूर्वी सरपंच होते. त्यांचा शब्द दोन्हीकडची माणसं मानायची. एका बाजूला धनाजीरावांचे भाऊबंद खुर्च्यांवर, दुसऱ्या बाजूला बिरूचे पाव्हणे सतरंजीवर. काय ठरायचं होतं ते सगळ्यांना ठाऊक होतं. चूक बिरूची ठरली, तर त्याला काम नाही, दवाखाना त्याचा त्यानं बघायचा, आणि "चालू मशीनमध्ये हात घालणारा" म्हणून त्याचं नाव आसपासच्या प्रत्येक वर्कशॉपात त्याच्या आधी पोचणार. आणि सुमन त्याच यंत्रापुढे तशीच उभी राहणार.

धनाजीरावांनी सुरुवातीलाच डाव टाकला. कागदाच्या पुडीत भंडारा आणून ठेवला होता. धनगरांच्या बिरोबाची हळद. ती उचलून खोटं बोलायची बिरूच्या सात पिढ्यांत कुणाची छाती झाली नसती, हे त्यांना पक्कं माहीत होतं.

"वाद कशाला?" ते म्हणाले. "बिरू, उचल भंडारा. आन् सांग, मशीनमदी हात घातला न्हवता म्हनून. तू उचललास की मी गप."

बिरूनं पुडीकडे पाहिलं. हात पुढे केला नाही.

"उचल की रं," त्याचाच एक पाव्हणा म्हणाला.

"कसा उचलू?" बिरू म्हणाला. "हात तर घातला हुता. हात घातल्याबिगार फळी आवळत न्हाई."

"झालं!" धनाजीरावांनी मांडीवर थाप मारली. "कबूल हाय बघा."

खुर्च्यांवर समाधानाची हालचाल झाली. माझ्या अंगाची लाही झाली. प्रश्नच असा विचारायचा की खऱ्या माणसाचं उत्तर त्याच्याच गळ्याला लागावं. मी उठले आणि फोनवरचे फोटो आबांपुढे धरले. हा सिग्नल बघा, हा इथे तुटतो, ट्रॉलीमागचा माणूस इथे गप्प होतो. आबांनी चष्मा वर करून पाहिलं आणि फोन परत दिला.

"पोरी, मला ह्यातलं काय कळत न्हाई. ह्ये डोंगर हायत का काय हाय? मशीन चालतंय का न्हाई, तेवडं सांग."

"चालतंय की आबा," धनाजीराव म्हणाले. "सकाळधरनं म्याडमनीच चालवलं. ओके हाय."

एवढी कारणं, एवढी मोजमापं, आणि माझ्या हातात काहीच राहिलं नव्हतं. मग जे बोलले, ते मी ठरवून बोलले नाही.

"ओके आहे ना धनाजीराव? मग बिरूला भंडारा उचलायला कशाला लावता? तुम्हीच या. यंत्र थांबलेलं आहे. बिरूचा हात होता तिथे तुमचा हात ठेवा. मी फक्त पॉवर देते. कोरायचं नाही, चालवायचं नाही. नुसतं उभं राहील. चहा संपेपर्यंत हात ठेवा, आणि मी चार माणसांत सांगते, मशीन ओके आहे."

धनाजीरावांनी कप खाली ठेवला.

"मी कशाला ठिवू?" धनाजीराव म्हणाले. "मी काय हापरेटर हाय?"

"बनवलंय तुम्ही."

"बनवलंय म्हनून हात घालायचा?"

आबा खुर्चीत पुढे सरकले. "धनाजी, ओके हाय म्हनतोस न्हवं? मग ठेव की. त्या पोराला देवाची आन घालतोस. तुला तर देव बी नगं, नुसता हात ठिवायचाय."

"आवं आबा..."

"ठेव."

धनाजीराव उठले. यंत्राजवळ गेले. अंगठ्या काढून खिशात टाकल्या, शर्टाची बाही वर केली. पूल आणि फळीच्या मधल्या त्या जागेकडे पाहिलं. हात थोडा पुढे गेला आणि तिथेच राहिला. मी पॉवरच्या खटक्याला स्पर्शही केला नव्हता. ते वळले. चेहऱ्यावर घाम होता आणि आवाजात पहिल्यांदाच चिडण्याऐवजी गयावया होती.

"आबा, मशीन हाय वो त्ये. मशीनचा काय भरवसा?"

सुमन इतका वेळ भिंतीला टेकून उभी होती. ती म्हणाली, "मालक, आमी तरी दुसरं काय म्हनतोय?"

सतरंजीवर कुणीतरी फसकन हसलं. मग आबाच हसले, आणि आबा हसले म्हटल्यावर खुर्च्यांनाही हसावं लागलं. पुढचं झटपट झालं. आबांनी निकाल दिला: दवाखाना धनाजीनं बघायचा, बिरूला माल मोजायच्या कामावर ठेवायचं, आणि ही दुरुस्तीवाली बाई म्हणेल तसं मशीन दुरुस्त झाल्याशिवाय कुणी त्याच्यापुढे उभं राहायचं नाही. भंडाऱ्याची पुडी आबांनी स्वतः उचलून कपाळाला लावली आणि खिशात घातली.

जिंकल्याचा आनंद मला फार वेळ टिकवता आला नाही. पुरावा कुणी वाचला नव्हता. एका शपथेवर मी दुसरी शपथ चढवली होती आणि लोकांना तीच कळली. आणि बिरूची बोटं तर कुठल्याच निकालानं परत येणार नव्हती.

मोटर सांगलीला आणली. बंद खोलीत चकती साफ केली. रेघांवर पाण्यानं डाग धरलेले होते, म्हणून शेवटी एन्कोडरच बदलला आणि त्यावर पक्कं धातूचं झाकण बसवलं. परत जाऊन मोटर जोडली, इमर्जन्सीच्या वायरी मोकळ्या करून जिथल्या तिथे नेल्या, अलार्मचा आकडा खाली आणला. धनाजीराव फिरकले नाहीत. "म्याडमनी आमच्या मशीनला नजर लावली" असं ते तालुक्यात सांगत होते, हे मला आधीच कळलं होतं. त्या बाजूची कामं पुढे बरीच आटली. आटू देत.

सुमन सगळा वेळ शेजारी उभी होती. तिला या यंत्रावर परत यायचं होतं, ते तिनं स्वतः ठरवलं होतं. काम तिला जमत होतं, आणि शेतातल्या मजुरीपेक्षा तिला ते बरं वाटत होतं. मी पान्यांचं पुडकं आवरायला लागले, तेव्हा तिनं विचारलं, "म्याडम, एक इचारू? मालकांनी त्या दिशी खरंच हात ठिवला असता, तर तुमी मशीन चालू केलं असतं?"

"नाही."

"मग तुमची बी शपथ खोटीच की."

ती हसली नव्हती, टोमणाही मारत नव्हती.

"त्येंचं सोडा," ती म्हणाली. "हात मला घालायचाय. रोज घालायचाय. तुमी आता नीट केलं म्हनता. त्ये मला दावा. शपथ नगं, डोंगराचं फोटू नगंत."

मी पुडकं परत सोडलं. एन्कोडरच्या सिग्नलची एक वायर तोडून मध्ये घरातल्या दिव्याला असतं तसं साधं बटण घातलं. म्हटलं, "हे बटण बंद केलं की मागचा माणूस गप्प होतो. हळदीनं झाला होता तसाच." यंत्र चालू केलं. टेबलावर कुणी नव्हतं. पूल सरकत असताना मी बटण बंद केलं. पूल टाचा रोवल्यासारखा थांबला आणि ड्राइव्हवर लाल अक्षरं आली.

"परत," ती म्हणाली.

परत केलं. मग तिनं बटण माझ्या हातातून घेतलं. पूल जोरात असताना बंद केलं, हळू असताना केलं, थांबलेला असताना केलं. दरवेळी लाल अक्षरं. मग इमर्जन्सी दाबून पाहिली. मग बिरूला आत बोलावलं आणि त्याच्याकडूनही बटण दाबवून घेतलं. बिरू दारातून आत यायला तयार नव्हता. तिनं वायर लांबवर ओढून त्याच्या उजव्या हातात बटण दिलं. त्यानं तिथूनच दाबलं. पूल थांबला. त्यानं पुन्हा दाबलं. मग दोन पावलं आत आला.

मी बटण काढून वायर जोडायला वाकले, तर सुमननं माझा हात धरला.

"ऱ्हाऊ द्या त्ये."

"असं ठेवत नाहीत. वायरीत जोड आला की तिथे उद्या बिघाड होऊ शकतो."

"बिघडलं तर काय हुईल?"

मी विचार केला. बिघडलं तर सिग्नल जाईल. सिग्नल गेला तर अलार्म येईल. अलार्म आला तर पूल थांबेल.

"थांबेल," मी म्हणाले.

"मग ऱ्हाऊ द्या. रोज सकाळी दाबून बघीन. थांबलं, तर हात घालीन. न्हाई थांबलं, तर मालकांस्नी बोलवीन हात घालाया."

आमच्या धंद्यातला कुठलाही जाणता माणूस सांगेल, एन्कोडरच्या वायरीत बटण ठेवू नये. मी ते एका डबीत पक्कं बसवलं, तिच्या हाताला येईल एवढ्या उंचीवर स्क्रूनं घट्ट केलं आणि निघाले. मागे यंत्र चालू झाल्याचा आवाज आला, लगेच थांबल्याचा आला, आणि मग फळी आवळायच्या पान्याचा.